प्रसादाने उपास मोडत नाही

चाळिशी उलटल्यावर मी पुन्हा कॉलेजात नाव घातलं, तेव्हा सासूबाईंनी एकच विचारलं, पोरांशी खेळायला एम.ए. लागतं का? सासूबाई पोस्टातून निवृत्त झालेल्या, शब्द वाया घालवायची त्यांना सवय नाही. मी समजावून सांगायला बसले. हॉस्पिटलात दाखल झालेल्या मुलांना आपलं काय होणार आहे ते त्यांना कळेल अशा भाषेत, खेळातून सांगायचं. म्हणजे भीती कमी होते. आईवडिलांनाही धीर द्यायचा, त्यांच्याजवळ बसायचं. याचं रीतसर शिक्षण असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे खेळायलाच."

कोथरूडच्या एका बालवाडीत मी बरीच वर्षं शिकवलं होतं, त्यामुळे मला वाटलं होतं, हे आपल्याला जमेल. पण सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, संध्याकाळी घरचा स्वयंपाक आणि तो आटोपला की दिवसभराचा अहवाल, असं सुरू झालं आणि दोन महिन्यांत माझा पार भुगा झाला. सिग्नलला स्कूटर थांबली की डोळे मिटायचे आणि मागचे लोक हॉर्न वाजवून उठवायचे. नवरा म्हणायचा, सोड ना, कोणी सांगितलंय? कोणीच सांगितलं नव्हतं, तेच तर दुखणं होतं.

वॉर्डात आम्हाला काय म्हणायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सिस्टर मला खेळणीवाल्या बाई म्हणायच्या. शिकाऊ डॉक्टर रक्त काढायच्या वेळी हाक मारायचे, की ताई, याला जरा गप्प करा. गप्प करणं हे आमचं काम नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. आणि आया तर माझ्याकडे बोट दाखवून पोरांना दम द्यायच्या, की जेवला नाहीस तर त्या बाई सुई टोचतील बघ. मी हातात बाहुली घेऊन उभी असायचे.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम कडक होत्या. त्यांचा पहिला नियम, मुलाशी खोटं बोलायचं नाही. दुखणार असेल तर दुखेल म्हणायचं. दुसरा नियम, मुलानं विश्वासानं काही सांगितलं आणि ते मोठ्यांना सांगणं भागच असलं, तर आधी मुलाला सांगायचं की मी हे सांगणार आहे. वर्गात बसून हे नियम फार सुंदर वाटतात.

ती मुलगी सात वर्षांची होती. हृदयाला जन्मापासून भोक. धावली की ओठ निळे पडायचे, धाप लागायची. शाळेत खो-खो सुरू झाला की हिला कडेला बसवायचे, सगळ्यांच्या चपला सांभाळायला. ऑपरेशन झालं की तू खेळशील असं सर्जननी तिला सांगितलं होतं, आणि तिनं ते पक्कं धरून ठेवलं होतं. आपण आधी बसणार की आधी पळणार, एवढाच तिला प्रश्न होता. वडील यवतमाळकडचे, इथे कंपनीत कामाला, बिबवेवाडीत दोन खोल्यांत राहायचे. आई नुकतीच बाळंत झालेली, म्हणून ती घरी. वॉर्डात पोरीजवळ असायची आजी, गावाहून मुद्दाम आलेली. आजी दिवसभर कॉटखाली चटईवर बसायची आणि कुणी पांढरा कोट दिसला की उठून उभी राहायची.

ऑपरेशनच्या दिवशी मी सकाळीच पोचले. बाहुलीलाही त्या दिवशी ऑपरेशन होतं, असा आमचा खेळ ठरलेला होता. तोंडावर मास्क लावून झोपायचं कसं, जाग येईल तेव्हा छातीवर पट्टी असेल, नळ्या असतील, हे सगळं आम्ही बाहुलीवर करून पाहिलं. मी सहज म्हणाले, हिला पण रात्रीपासून उपाशी ठेवलंय हं. तर पोरगी इकडेतिकडे बघत माझ्या कानाशी आली.

"हिनं पेढा खाल्लाय. पण कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर देव रागावतो."

बाहुलीच्या नावानं ती स्वतःचंच सांगत होती. मी आजीकडे पाहिलं, आजीनं पदर सारखा केला. खोदून विचारलं तेव्हा कळलं. रात्रपाळी संपवून येताना वडील बुधवार पेठेत गणपतीला जाऊन आले होते. प्रसाद आजीच्या हातात देऊन ते तोंड धुवायला गेले, तेवढ्यात तिनं अर्धा पेढा नातीच्या तोंडात घातला होता. पोरीला काही खायला-प्यायला द्यायचं नाही, हे सिस्टरनी रात्री दोनदा बजावलं होतं आणि आजीनं ते पाळलंही होतं. पोरगी पाणी मागून रडली तरी दिलं नव्हतं. पण प्रसाद म्हणजे खाणं नव्हे. प्रसादाने उपास मोडत नाही, हे लहानपणापासून मीही ऐकत आलेली. एकादशीला माझी आईसुद्धा देवळातला पेढा तोंडात टाकायचीच की.

आता काय करावं? सांगितलं तर ऑपरेशन रद्द, आणि ही तारीख मिळवायला त्या माणसानं किती खेटे घातले होते ते मी पाहिलं होतं. नाही सांगितलं तर भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, आणि मग त्या पोरीचं काही खरं नाही. मी तिचा हात धरला. म्हणाले, मला हे डॉक्टरांना सांगावं लागणार आहे, आणि का तेही सांगितलं. ती नको ना, नको ना म्हणत राहिली. मग मी उठले आणि भुलीच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि ऑपरेशन पुढे ढकललं. पुढची तारीख महिन्यानंतरची.

वडील ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला म्हणाले, ताई, एवढासा तर होता, तुम्ही बोलल्या नसत्या तर आज झालं असतं. मग आपल्या आईकडे वळले आणि तू गावाकडे जा म्हणाले. आजी चटई गुंडाळायला लागली. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्या लेखी सगळं स्वच्छ होतं. मी सांगितलं, देव रागावला, खो-खो गेला. मी तिच्या कॉटशी बराच वेळ बसले, पण तिनं वळून पाहिलं नाही.

घरी आले आणि ओट्याशी उभी राहून रडले. सासूबाईंनी विचारलं म्हणून सांगितलं. मला वाटलं, निदान आज तरी म्हणतील, बरं केलंस. त्या म्हणाल्या, "मीसुद्धा दिला असता. देवाचं नाही कसं म्हणायचं?" आणि कुकर बंद केला. खरं सांगते, त्या दिवशी मी कोर्स सोडायचं ठरवलं होतं. मॅडमना तसं बोललेही. त्या म्हणाल्या, सोडा हवं तर, पण त्या आजीशी कोण बोललंय का? कुणीच बोललं नव्हतं. सगळे तिला बोलले होते.

दुसऱ्या दिवशी बिबवेवाडीला गेले. आजी अजून गेली नव्हती, पण तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. मी तिला पेढा खाल्ल्यावर भूल दिली तर काय होतं ते सांगितलं, पोरांना सांगते तसंच, बाहुली घेऊन. तिनं सगळं नीट पाहिलं. म्हणाली, हे मले आधी कोणी सांगतलं नाही. ते खरंच होतं. उपाशी ठेवा, एवढंच सगळे म्हणाले होते, का ते कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून आमच्या वॉर्डात प्रत्येक घराला स्पष्ट सांगतात, तीर्थ नाही, प्रसाद नाही, अंगारा कपाळाला लावा, तोंडात नाही. पोरगी मात्र दाराआड उभी राहिली, पुढे आली नाही.

महिन्याने पुन्हा तीच सकाळ. बाहुली मी नेली होती, पण तिनं हात लावला नाही. मागच्या प्रकारामुळे भुलीच्या डॉक्टरांनी मला सांगून ठेवलं होतं, तुम्ही एकदा विचारा, तुम्हाला सांगेल. मला काय सांगणार होती, कपाळ! वडील उशाशी, आजी पायाशी, ट्रॉली दारात आलेली. मी खाली वाकले आणि विचारलं, की आज काही खाल्लंस का, प्यायलीस का?

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या महिन्यात पहिल्यांदाच बघितलं तिनं.

"सांगितलं तर परत घरी पाठवशील?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. मी दमले होते, सगळे दमले होते, आणि नाही म्हटलं असतं तर ती लगेच बोलली असती. पण मी म्हणाले, "हो. तुला त्रास होणार असेल तर पाठवावं लागेल."

वडिलांनी मान फिरवली.  पोरगी रडत रडतच म्हणाली, पहाटे चूळ भरताना पाणी गिळलं. एक घोट. मुद्दाम गिळलं, तहान लागली होती म्हणून.

मी धावत जाऊन डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एक घोट पाणी, तेही पहाटे? चालतं, घ्या आत. परत येऊन तिला सांगितलं तेव्हा तिला ते आधी खरंच वाटेना. सिस्टरनी ट्रॉली ढकलली. माझा हात तिनं धरला नाही, वडिलांचा धरला, तरी दार बंद होईपर्यंत बघत माझ्याकडे होती.  तिच्या जागी मी असते ना, तर गप्प बसले असते.

बाहेरच्या बाकावर आजीशेजारी जाऊन बसले.  मग आजीनं विचारलं, "बाई, तिनं नसतं सांगतलं, तं कोणाले समजलं असतं?"

"कुणालाच नाही."

आजीनं मान हलवली. "मीच सांगतलं होतं तिले, पेढ्याचं बोलू नको म्हणून." पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "बरं झालं. नाही ऐकलं पोरीनं माहं."