देठ काढलेली तुती

अमेरिकेत मी ज्या बाईंच्या घरी खोली घेऊन राहत होते, त्या दर रविवारी कॉबलर करायच्या. फोनवर मी आईला समजावून सांगितलं, की खाली साखरेत घोळलेली बेरी, वर मैदा, लोणी आणि दूध कालवून केलेले गोळे, आणि मग सगळं भाजायचं. आई म्हणाली, "म्हणजे फळांवर नानकटाई पांघरायची." तिनं एवढं सोपं करून टाकल्याचा मला जरा रागच आला. परदेशातली गोष्ट घरच्यांना इतक्या लवकर कळू नये, असं वाटण्याचं ते वय होतं.

मग तिनं विचारलं, "आपल्या तुतीचं होईल का गं?"

आपली तुती म्हणजे खडकीत आमच्या क्वार्टरमागचं झाड. बाबा दारूगोळा कारखान्यात होते. माझं लहानपण त्या दोन खोल्यांत आणि त्या झाडाखाली क्वार्टरांच्या लाइनीतल्या मैत्रिणींबरोबर एकमेकींना जांभळ्या जिभा दाखवण्यात गेलं. "होईल की," मी म्हटलं, "पण प्रत्येक तुतीचा देठ कात्रीनं काढायला लागेल, नाहीतर दातात येतो. मी आल्यावर करू. सहा महिने तर आहेत."

हिंजवडीच्या कंपनीनं मला सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं. आमच्या लाइनीतून विमानात बसलेली मी पहिलीच. आईनं त्याचा गाजावाजा केला नाही, पण गिरणीत बायकांशी बोलत बसते, म्हणून दळण आणायला तिला हल्ली जास्त वेळ लागतो, असं बाबा म्हणायचे. सहा महिने संपत आले तेव्हा कंपनीनं विचारलं, अजून सहा महिने राहशील का? राहा म्हटलं नव्हतं, विचारलं होतं. मी आधी हो म्हटलं आणि मग आईला कळवलं. पुढे कित्येक वर्षं मी लोकांना 'थांबावं लागलं' असंच सांगत आले. ते खोटं आहे. मला थांबायचं होतं.

आई म्हणाली, "बरं. तुतीचं बघते मी." काय बघणार, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर चौथ्या महिन्यात, एका दुपारी तांदूळ निवडता निवडता आई गेली. हृदयविकाराचा झटका होता. मी पोहोचेपर्यंत दोन दिवस उलटले होते आणि सगळं उरकलं होतं. दारात बाबांनी माझी बॅग हातातून घेतली आणि म्हणाले, "वाट बघता आली नाही." मी मान हलवली.

आमच्याकडे तेरावं नसतं, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. त्याच्या आदल्या सकाळी, पाहुण्यांच्या चहाचं दूध ठेवायला जागा हवी म्हणून मी फ्रीज आवरायला घेतला. बर्फाच्या कप्प्यात अगदी मागे श्रीखंडाचा जुना डबा होता, झाकणाला रबर लावलेला. आत तुती होती. गोठून घट्ट झालेली, आणि वरच्या थरात एकीलाही देठ नव्हता. शिवणाची छोटी कात्री घेऊन, चष्मा नाकावर ओढून ती किती दुपारी बसली असेल कोण जाणे. मी फरशीवर बसून रडले. घरी आल्यापासून पहिल्यांदाच.

मग उठून कॉबलर केलं. आईचा काचेच्या झाकणाचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन काढला, ज्यात ती दिवाळीला नानकटाई करायची. कडेनं जांभळा रस वर आला, घरभर वास सुटला. पहिली वाटी भरली आणि आईच्या फोटोकडे निघाले.

बाबा खुर्चीत बसून होते. म्हणाले, "आपल्यात ठेवत नाहीत."

मला ते माहीत नव्हतं असं नाही. आजोबांनी धम्म घेतला, तेव्हापासून आमच्या घरात गेलेल्या माणसापुढे पान वाढलं गेलं नव्हतं. बाबा पुढे बोलले, "माणसाला जिवंतपणी द्यायचं असतं."

हे वाक्य ते प्रत्येक मयताच्या घरी बोलत. सवयीनं तोंडातून गेलं आणि मग कुणाला लागलं ते त्यांच्या लक्षात आलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मी वाटी धरून तशीच उभी होते, धड पुढे जाता येईना, धड मागे.

"आण इकडे," ते म्हणाले. बाबा गोड खात नसत. त्यांनी ती वाटी चमच्यानं खरवडून संपवली आणि विचारलं, "हेच का ते?"

"हेच," मी म्हटलं.

"रोज संध्याकाळी खुडून आणायची," ते म्हणाले. "मी म्हटलं, पोरगी येईल तेव्हा ताजी काढ की. ऐकायची नाही."

मी त्यांच्या शेजारी खाली बसून माझी वाटी खाल्ली. शेवटच्या घासाला एक देठ दाताखाली आला, तिच्या नजरेतून सुटलेला. तो मी काढून टाकला नाही. चावून गिळून टाकला.