इनेझ दुकानात का गेली

व्हर्लीन टार्पली अलाबामातल्या आमच्या कॉलेजच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं मक्याचा पाव भाजत होती. तिथल्या नोकरमाणसांना वर्षाला एक विषय फुकट शिकता येतो, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण नाव घातलं ते अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि तेही काळ्या लोकांचा इतिहास, विचार आणि चळवळी या वर्गात.

"आयुष्य काळी म्हणून काढलंस, अजून शिकायचंच राहिलंय का?" नवऱ्याने टोमणा मारला.

"तुला तरी कुठं येतंय?" म्हणून तिने त्याचं तोंड बंद केलं.

वर्गात ती रमली. शेवटच्या निबंधाला तिने गावातला पासष्ट सालचा बहिष्कार घेतला. हॉलोवेचं दुकान काळ्यांचे पैसे घ्यायचं, पण गल्ल्यावर काळं माणूस बसवायचं नाही, म्हणून अख्ख्या वस्तीने सात महिने तिथं पाऊल टाकलं नव्हतं. त्यात लढलेल्या सत्तावीस जणांची नावं तिने घरोघर फिरून गोळा केली. प्राध्यापक लॅटिमरबाई वाचून म्हणाल्या, "फार छान. पण तुमच्या घरचं कुणीच कसं नाही?"

घोडं तिथंच पेंड खात होतं. तिची आई इनेझ मॉसली त्या सात महिन्यांत दर शनिवारी हॉलोवेच्या दुकानात जात होती. सात वर्षांच्या व्हर्लीनने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि शाळेतल्या पोरींनी 'फितूर बाईची पोर' म्हणून तिला चिडवलंही होतं. आईला विचारायचा तिला कधी धीर झाला नाही आणि पुढे आईच गेली. आता गुरुवारी सगळ्या वर्गासमोर निबंध वाचायचा होता. आईला वगळावं तर लबाडी, घालावं तर गावभर शोभा. तिची झोप उडाली.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर ती केक घेऊन मदर रुथेलकडे गेली. आमच्या चर्चमध्ये सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईला मदर म्हणतात, आणि रुथेल तर अठ्ठ्याऐंशीची. एकेकाळी ती आणि इनेझ दोघी चर्चच्या स्वयंसेविका होत्या. पांढरे हातमोजे घालून दाराशी उभं राहायचं, माणसांना जागा दाखवायची आणि तोंडातून शब्द न काढता नुसत्या हाताच्या खुणांनी एकमेकींना निरोप द्यायचे, हे त्यांचं काम.

"मदर, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"आधी केक काप. मग रागावते."

व्हर्लीनने केक कापला आणि एका दमात विचारून टाकलं, "माझ्या आईने बहिष्कार मोडला होता का?"

रुथेलचा घास हातातच राहिला. "हे कुणी भरवलं तुझ्या डोक्यात?"

"मी पाहिलंय. दर शनिवारी जायची."

"जायचीच! जिच्या घरी कामाला होती त्या गोऱ्या मालकिणीची कोंबडी आणायला. तिच्यावर कोण संशय घेणार? आमच्या बहिष्काराच्या समितीनेच पाठवलं होतं तिला. हॉलोवे पोलिसांना फोन लावायला आत गेला, की इनेझ काचेपाशी येऊन डावा हात पाठीवर धरायची. बाहेर फलक घेऊन मी उभी. खूण दिसली की पोलीस यायच्या आत आमच्याबरोबरच्या पोराटोरांना घरी पिटाळायचे. एकाच्याही डोक्यात काठी बसली नाही, पोरी, ती तुझ्या आईमुळं!"

"मग इतकी वर्षं मला कुणी सांगितलं का नाही?" व्हर्लीन जवळजवळ ओरडलीच.

"अगं, आम्हाला वाटलं तुला ठाऊक आहे! तू आईचा विषयच काढायची नाहीस. आम्ही आपापसांत म्हणायचो, इनेझचीच पोर ही, जीव जाईल पण ब्र काढायची नाही. तेव्हा तिची नोकरी जाऊ नये म्हणून आम्ही गप्प बसलो. पुढं भीती गेली, पण गप्प बसायची सवय काही गेली नाही."

व्हर्लीन रडता रडता हसायला लागली. मग दोघी मिळून हसल्या, आणि रुथेलने केकचा दुसरा तुकडा मागितला. पन्नास वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा असा एका दुपारी उतरेल, असं व्हर्लीनला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिला भूक लागली. घरी जाऊन ती पोटभर जेवली आणि ढाराढूर झोपली.

गुरुवारी ती वर्गासमोर उभी राहिली आणि हातातले कागद पुन्हा पुन्हा सारखे करत राहिली. लॅटिमरबाईंनी हळूच विचारलं, "पाणी देऊ का?"

"नको," व्हर्लीन म्हणाली, "फार वर्षं गप्प बसले. आता मध्ये थांबवू नका."

आणि तिने यादीतलं पहिलं नाव वाचलं, "इनेझ मॉसली. माझी आई."