गुणाबाईचं टोळीचं तेल

धानोऱ्यापलीकडच्या त्या रानातल्या गावात कुणाचा कान दुखला की पाय आपसूक गुणाबाईच्या अंगणाकडे वळत. मोहाच्या बियांचं, म्हणजे टोळीचं, तेल ती शिंपल्यात घालून निखाऱ्यावर कोमट करायची, थेंब आधी आपल्या मनगटावर टाकून बघायची आणि मग दुखणाऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन कानात सोडायची. तोंडाने मात्र सारखी करवादत राहायची. गोड बोलणं तिच्या जिभेला कधी जमलंच नाही. जी काय माया होती ती त्या शिंपल्यातूनच उतरायची.

मोहफुलं वेचायच्या दिवसांत तिची सून दुर्गा सर्दीने बेजार झाली आणि पाठोपाठ कान ठणकायला लागला. नवरा विनोद मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. गुणाबाईने तेल घातलं. दोन दिवसांनी ठणका एकदम थांबला आणि कानातून पू वाहू लागला.

"पाह्य, घाण निघून राह्यली," म्हणत तिने खुशीत आणखी तेल घातलं. त्या गावात कुणीही हेच केलं असतं.

पण पुढे ताप चढला. कानामागे लालभडक सूज आली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसू लागला. गावातलीच आशा सेविका दीपिका सूज पाहून चरकली आणि तिने लगेच गाडीसाठी फोन लावला.

"हे तेलाचं काम नाई आता, बाई. जिवावर बेतंल."

एरवी गुणाबाईने तिला चांगलं फैलावर घेतलं असतं. त्या दिवशी तिने मुकाट्याने लुगडं बदललं आणि गाडीत जाऊन बसली.

गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. सर्दीतला संसर्ग कानाच्या पडद्याआड शिरला, तिथे पू साचला आणि पडदा फुटला. ठणका थांबला तो त्यामुळे, दुखणं गेलं म्हणून नव्हे. फुटक्या पडद्यातून तेल काय, पाणीसुद्धा आत जायला नको होतं. आता पू कानामागच्या हाडात उतरला होता. सलाइनमधून औषधं सुरू झाली, ऑपरेशन करून पू काढला. जिवाची भीती टळली. ऐकू किती येईल ते मात्र कुणी सांगेना.

गुणाबाईला कुणी एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच तिला सोसवेना. दुर्गाला ती चमच्याने पेज भरवायची, स्वतःच्या घशाखाली मात्र घास उतरत नव्हता. आपल्याच हाताने पोरीला बहिरी केलं, हे तिच्या डोक्यातून जाईना.

पट्टी सुटली. "उद्या मशीनवर तपासू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गुणाबाईला उद्यापर्यंत धीर कुठला! बाई जाताच तिने दुर्गाचा चांगला कान तळहाताने गच्च झाकला आणि दुसऱ्याजवळ तोंड नेलं. बोलावं काय ते सुचेना. मग इतकी वर्षं पोटात राहिलेलं तेच बाहेर आलं.

"तू मले पोटच्या पोरीहून जास्त हायेस वो," ती हळूच म्हणाली.

दुर्गा भिंतीकडेच बघत राहिली. गुणाबाईने चांगल्या कानावरचा हात काढला.

"आयकू नाई आलं?"

"एकडाव अजून म्हणा ना, आत्या."

"काऊन? नाई आलं ना तुले?"

"आलं," दुर्गा डोळे पुसत म्हणाली. "म्हणूनच."