चौथा कोपरा

थोरला जावई हुशार माणूस. कारखान्यात मापं तपासायची नोकरी, केसाची जाडीसुद्धा आकड्यात सांगेल. म्हणूनच त्याची आई गेल्यावर तिच्या फोटोची चौकट त्याने सासऱ्यांकडे न देता स्वतःच करायला घेतली. लाकूड आईच्या कपाटाच्या दाराचं, शिसवी, आणि तेवढंच उरलेलं. चारही पट्ट्यांची टोकं त्याने यंत्रावर बरोबर पंचेचाळीस अंशांत कापली. तीन कोपरे झकास बसले. चौथ्यात मात्र नख जाईल एवढी फट!

"लाकूडच वाकलंय," तो म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बायको म्हणाली. "बाबांकडे जा मुकाट."

सासरे चाळीस वर्षं चौकटीच करत आलेले. आळीतली लग्नं, बाळं, पदव्या, सगळं त्यांच्याच चार पट्ट्यांत बसलेलं. फटीत भुसा आणि सरस भरणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरी. जावई तोंड पाडून उभा राहिला. आता कुठे चुकलं तर आईच्या लाकडातली दुसरी पट्टी कुठून आणायची?

सासऱ्यांनी ना मोजपट्टी घेतली ना चष्मा पुसला. समोरासमोरच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून धरल्या आणि टोकांवरून अंगठा फिरवला.

"कोन चोख आहेत, जावईबापू. पण ही पट्टी हिच्या जोडीदारिणीपेक्षा अंमळ लांब आहे. बारीकसारीक चुका तीन कोपऱ्यांत गप बसतात आणि चौथ्यात येऊन बोंब मारतात."

जावयाने खिशातलं मापाचं यंत्र काढून मोजलं. खरंच की! आकडा इतका बारीक, की त्याने दोनदा मोजला. चार हजारांचं यंत्र आणि एक अंगठा, दोघांचं एकमत.

सासऱ्यांनी ती लांब पट्टी तिरक्या पाटावर टेकवली, तिच्या टोकावर रंधा फिरवला. कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघाली. आणखी एक. मग त्यांनी रंधा जावयापुढे धरला.

"शेवटचा हात तुमचा."

"नको मामा! जास्त गेलं तर?"

"तर गेलं. आई तुमची आहे."

त्याने श्वास रोखला आणि रंधा ढकलला. साल इतकी पातळ निघाली, की तिच्यातून बोट दिसत होतं.

सासऱ्यांनी चारही पट्ट्या जुळवल्या, भोवती दोरी आवळली आणि चौकट खिडकीसमोर धरली. चौथ्या कोपऱ्यातून उजेड येईना. जावयाने नख फिरवलं, नख कुठेच अडकलं नाही. लाकडाच्या रेषा कोपऱ्यावर येऊन सरळ वळून गेल्या होत्या, जणू झाड तिथेच वळलं होतं. अरे देवा, हे हाताने होतं!

आई गेल्याला तीन आठवडे झाले होते. सगळ्यांना धीर देत फिरलेला तो बाप्या तिथेच भुशात बसला आणि ढसाढसा रडू लागला.

सासऱ्यांनी चुलीवरचा सरस खाली उतरवून ठेवला.

"रडा, जावईबापू," ते म्हणाले. "चिकटवायची काही घाई नाही."