शर्यतीच्या गाडीचं बुटकं नाक

गॅरेजात गाडी आली की मिस्त्री आधी बॉनेटवर हात ठेवायचा, पोराचा ताप बघतात तसा, आणि विचारायचा, "बोल गो बाय, खंय दुखता?" गाडीच्या मालकानी मधे तोंड घातलं की, "तुम्ही गप ऱ्हवा. तिका बोलांदे."

गाड्यांशी मालवणी आणि माणसांशी शिव्या, अशा त्याच्या दोन भाषा. माझ्या वाट्याला दुसरी यायची. चूक त्याची नाही. जोगेश्वरीच्या त्या गॅरेजात मी पेंटर होतो. शाळा चौथीपर्यंत, त्यातली दोन वर्षं दुसरीतच. पहिल्याच आठवड्यात मी एका डॉक्टरच्या गाडीला रंग मारला तो काचांसकट. मिस्त्री बोलला, "झकास. आता डॉक्टरच्या चष्म्याला पण मार."

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. घाटकोपरच्या एका शेटनी आरे कॉलनीतल्या तबेल्यातून एक गाडी उचलून आणली. एका माणसाची, बिनटपाची, जुनी शर्यतीची गाडी. सीटमध्ये म्हशींची पेंड भरलेली. मी बोललो, "शेट, ही गाडी की गव्हाण?" शेट हसले नाहीत. मिस्त्रीपण हसला नाही. तो खाली वाकला, गाडीच्या बुटक्या नाकाच्या आत हात घातला आणि तसाच राहिला.

"ह्यां माझां," बोलला.

मग कळलं. जवानीत तो याच गाडीचा मेकॅनिक होता. तेव्हा विमानाच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. गाडी विलायतेहून आली तेव्हा नाक लांब, निमुळतं. दिसायला राणी, पण सहाव्या फेरीला इंजिन उकळायचं. एकदा वळणावर लावलेल्या ड्रमांवर आपटली आणि ते नाक गेलं. मिस्त्रीनी भंगारातल्या डबलडेकर बसचा पत्रा आणला, वाळूच्या पिशवीवर ठोकून आठ दिवसांत नवं नाक बनवलं. बुटकं, रुंद तोंडाचं, आतून बसचा लाल रंग तसाच. त्या नाकानी गाडी तीन शर्यती जिंकली.

शेटकडे मात्र लांब नाकाचा फोटो होता. "मिस्त्री, मला अशी पाहिजे. ओरिजनल. जुन्या गाड्यांची रॅली आहे, जज ओरिजनलला मार्क देतात."

"फोटो काढला तेव्हा ती उभी होती, शेट. पळाली ती माझ्या नाकावर."

"पण हे नंतर लावलेलं ना?"

"तुमचे केस पण नंतरच गेले. तुम्ही कुठल्या सालातले ओरिजनल?"

शेटनी टकलावरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळले. "आर्टिस्ट, तुला काय वाटतं?"

आता तुम्हीच सांगा, मला आयुष्यात कोणी आर्टिस्ट बोललं नव्हतं. मी एक डोळा मिटून फोटो बघितला, कारण आर्टिस्ट असंच बघत असणार, आणि बोललो, "लांब नाकात एक शान आहे, शेट." शान म्हणजे नक्की काय ते मला आजही माहीत नाही.

मिस्त्रीनी मला शिवीसुद्धा दिली नाही. तेव्हाच समजायला पाहिजे होतं, वाट लागली.

शेट बोलले, दुसरीकडून कापून घेतो. मिस्त्री बोलला, "दुसऱ्याचा हात नाय लागायचा. काढायचं तर मीच." त्यानी बुटकं नाक उतरवलं तेव्हा मी तोंड लपवून मागे एक दरवाजा घासत बसलो होतो. मग त्यानी फोटोबरहुकूम लांब नाक बनवलं. असं बनवलं की शेटचे डोळे भरून आले. मिस्त्री एवढंच बोलला, "तोंड लहान आहे शेट. श्वास कोंडणार."

खंडेनवमीला आमच्यात गॅरेज साफ करून हत्यारं पुजायची आणि अडगळ भंगारवाल्याला द्यायची रीत. साफसफाई माझ्याकडे. कोपऱ्यात एक पत्रा उताणा पडलेला, आतून बसचा लाल. मी विचार केला, आपण बसची कामं कधीपासून घ्यायला लागलो? दिला देऊन. ज्या नाकाची गोष्ट तुम्हाला आत्ता एवढी रंगवून सांगितली, ते नाक. गॅरेजच्या मालकानी माझी सफाई बघून जास्तीचा पेढा दिला, तोपण मी खाल्ला.

रॅलीत गाडी चौथ्या मैलाला उकळली. पुढचा रस्ता टोचन, जीपच्या मागे दोरी बांधून. एक जण ओरडला, "शेट, म्हैस पकडून आणली काय?" जजनी शेटचा फोटो हातात घेतला, नाकाला मोजपट्टी लावली आणि पहिलं बक्षीस दिलं. गाडी पळते का, ते कोणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी शेट आले. "मिस्त्री, कप झाला. आता ती पळाली पाहिजे. तुझं नाक परत लाव."

मिस्त्री जवळजवळ धावत कोपऱ्यात गेला. कोपरा मी आरशासारखा लख्ख केलेला.

आम्ही दोघं साकीनाक्याला गेलो. भंगारवाला बोलला, "वो तो उसी दिन चपटा करके भेज दिया. अब तक पतीला बन गया होगा."

परत येताना मी बोललो, "मिस्त्री, एक कानाखाली तरी मार रे."

"मारून काय होणार? तू ओरिजनलच असा आहेस."

शेट बोलले, नवीन बनव. मिस्त्रीनी विचारलं, "मग ते ओरिजनल कसं?" शेटचा हात परत टकलावर गेला. मग बोलले, "तू बनवलंस की झालं ओरिजनल." शेट एवढं शहाणं बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं.

मिस्त्री वाळूची पिशवी घेऊन बसला. डावी बाजू लोण्यासारखी उतरली. तोवर त्याचा मोतीबिंदू पिकला होता. उजव्या बाजूला आल्यावर त्यानी मला हाक मारली. "पेंटर, तू बघ. खड्डा असेल तिथे खडूनी गोल कर. मी ठोकतो." मला बघायला सांगितलं, मला! मी गोल करत गेलो, तो ठोकत गेला. पंधरा दिवस एक शिवी नाही. मग डोळे करून येतो बोलून देवगडला गेला. चार महिन्यांनी गावाहून कोणी आलं त्यानी सांगितलं, मिस्त्री गेला.

शेटनी अर्धं नाक पुरं करायला पत्रा ठोकणारा दुसरा डेंटर पाठवला. त्यानी पत्रा उजेडात धरला, उजव्या बाजूवर बोटं फिरवली आणि हसायला लागला. "हे गोल कोणी केले रे? खड्डे इथे नव्हतेच. चांगल्या जागेवर ठोकून ठोकून खड्डे पाडलेत."

"मी केले," बोललो.

"आणि ठोकणाऱ्याला कळलं नाही?"

कळलं असणार. पहिल्याच ठोक्याला कळलं असणार.