रिक्षानं येणारे गृहस्थ

उजव्या खुब्याचा सांधा बदलल्यावर डॉक्टरांनी मला एकच नियम घालून दिला. बसताना, वाकताना, उठताना कंबर आणि मांडी यांच्यातला कोन नव्वद अंशांपेक्षा कमी होता कामा नये. मला बरं वाटलं. एकतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली, पण या विषयाचा कुणाच्या शरीराला उपयोग झाल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

बायकोनं हा नियम माझ्यापेक्षा मनावर घेतला. निवृत्तीच्या वेळी शाळेनं मला फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक भेट दिला होता. तो भिंतीवरून उतरवून ती जेवताना माझ्या कमरेला लावू लागली. आमटीचा भुरका मारायला जरा पुढे झुकलो की ओरडायची, "ऐंशी! ऐंशी झाला!" पाहुण्यांसमोरसुद्धा ओरडायची. महिनाभर मी नाकासमोर ताठ बसून जेवलो आणि निम्मी आमटी शर्टाला भरवली.

पण मला जेवणाची काळजी नव्हती, आक्काची होती.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आगाशीच्या पलीकडे केळी-नारळीच्या वाडीत तिचं सासर. ती तिथं होती म्हणूनच मी विरारला फ्लॅट घेतला. काचबिंदूनं तिचे डोळे गेले त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत मी रोज संध्याकाळी पाच वाजता सायकलवर तिच्याकडे जायचो आणि तिला पेपर वाचून दाखवायचो. निधनवार्ता गाळायचो, आणि गाळल्या म्हणून शिव्या खायचो. माझ्या सायकलचं चेनकव्हर सैल होतं. वाडीच्या वळणावरूनच त्याची खडखड तिला ऐकू जायची आणि ती सुनेला हाक मारायची, "चहा टाक, आला तो."

ऑपरेशननंतर अडीच महिने मी गेलो नाही. घरच्यांनी तिला सांगितलं, मामा बरे आहेत, पायाचं जरा काम केलंय. हे "जरा काम" आक्काला पटेना. तिच्या समजुतीप्रमाणे माणूस बरा असेल तर सायकलवर येतो. सायकलवर येत नाही त्या अर्थी तो बरा नाही. आणि इतके दिवस बरा नाही त्या अर्थी तो गेला, आणि आंधळ्या म्हातारीला धक्का नको म्हणून सगळे मिळून लपवताहेत. युक्तिवाद म्हणून यात खोट काढणं कठीण होतं.

मग मी रिक्षानं गेलो. काठी टेकत, पायरीवर आधी डावा पाय, मग उजवा, असा ओट्यावर चढलो आणि म्हणालो, "आक्का, मी आलोय."

आक्का खाटेवर बसली होती. तिनं मान वाकडी करून ऐकलं. "या, बसा," म्हणाली. "आवाज आमच्या घरचाच आहे. चुलत्यांकडचे का तुम्ही?"

उभ्या जन्मात आक्का मला कधी "अहो" म्हणाली नव्हती. मी म्हटलं, "अगं, मी! तुझा भाऊ!"

"माझा भाऊ सायकलवर येतो," ती शांतपणे म्हणाली. "आणि त्याला काठी लागत नाही. या लोकांनी तुम्हाला पढवून पाठवलं असेल. तुमचा दोष नाही. बिस्किट घ्या."

ही बिस्किटंही नवीनच होती. मला सहा वर्षांत तिनं नुसता चहा दिला होता.

मी चिडलो. भांडलो. लहानपणच्या गोष्टी सांगून पाहिल्या, तर म्हणाली, तुम्हाला चांगलं शिकवलंय. पुढच्या खेपेला सायकलची घंटा काढून खिशातून नेली आणि तिच्या कानाशी वाजवली. तिचा चेहरा पडला. सुनेकडे तोंड करून म्हणाली, "त्याच्या वस्तूसुद्धा वाटायला लागलात?" आणि पदर डोळ्यांना लावला. त्या दिवशी घरी येऊन मी रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. जिवंत असताना आपल्यासाठी रडणाऱ्या बहिणीसमोर बसून तिचीच बिस्किटं खाणं फार वाईट असतं.

तर मला सायकलवर बसणं भाग होतं. पाचव्या महिन्यात मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सायकल चालवायला हरकत नाही. चढायला आणि उतरायला आहे."

मला वाटलं थट्टा करताहेत, पण ते खरंच तसं होतं. सपाट रस्त्यावर पायडल मारणं सांध्याला चांगलं. पण माझी सायकल दांड्याची. डावा पाय पायडलवर ठेवायचा आणि उजवा मागून गर्रकन फिरवायचा, ही माझी चाळीस वर्षांची पद्धत. ते फिरवणं आता साफ बंद. बायको म्हणाली, लेडीज सायकल घ्या. पण लेडीज सायकलला ती खडखड कुठून आणणार?

सीट उतरवून खाली आणली, तर गुडघा छातीकडे येऊ लागला आणि बायको कोनमापक घेऊन धावत आली. तेव्हा उलट विचार केला. सायकल खाली येत नसेल तर मी वर जायला हवं. पायाखाली फूट-दीड फूट उंच काहीतरी पाहिजे, तेही रस्त्याच्या डाव्या कडेला. सायकल माझ्याकडे कलती करायची, पाय नुसता आडवा पलीकडे न्यायचा, बसायचं, आणि डाव्या पायानं रेटा द्यायचा.

टेप घेऊन मी सगळा परिसर मोजला. कंपाउंडची भिंत उंच पडली, गटाराचा कठडा अरुंद निघाला. अगदी बरोबर निघाली ती आमच्या बिल्डिंगमागच्या ख्रिस्ती आळीच्या तोंडावरच्या दगडी क्रुसाची पायरी. खालची पायरी सोळा इंच, वर हात टेकायला मजबूत खांब, आणि रस्त्याच्या डाव्या बाजूला. बांधणाऱ्यांनी माझाच खुबा डोळ्यांपुढे ठेवला होता की काय असं वाटावं.

मी कुठल्याच देवाला फारसा न विचारणारा माणूस. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सायकल घेऊन क्रुसापाशी गेलो, चप्पल काढून पायरीवर चढलो, खांबावर एक हात ठेवला आणि मान खाली घालून पायडलकडे बघत उभा राहिलो. धीर होईना. वीस मिनिटं तसाच उभा होतो. त्याच वेळी चर्चमधल्या सकाळच्या मिस्सेहून बायका परतत होत्या.

चौथ्या दिवशी माझ्या पायांशी मेणबत्ती लावलेली होती. सातव्या दिवशी भाजीवाली बाई, जिच्याकडून आम्ही रोज वाल नि माठ घ्यायचो, ती टोपली खाली ठेवून शेजारी उभी राहिली.

"सर, तुमी आमच्यातले नाय, तरी रोज येता. काय मागनं हाय?"

मी खरं ते सांगितलं. "माझी बहीण मला मेलेला समजते."

तिनं तोंडावर हात ठेवला. मग माझ्या पाठीवर ठेवला. "आमी पन मागू," ती म्हणाली.

त्या संध्याकाळपासून क्रुसापाशी माळेच्या प्रार्थनेत माझा विषय आला. मी सायकलवर चढायचा सराव करत असलो की मागे सात-आठ बायका उभ्या असत. मी पाय पलीकडे नेला की त्यांचा आवाज चढायचा. बिल्डिंगला वळसा घालून परत पायरीशी येऊन उतरलो की एकदम शांतता पसरायची. एवढ्या गांभीर्यानं माझं भूमितीचं प्रमेयसुद्धा कधी कुणी ऐकलं नव्हतं. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा बायकोला बाजूला घेऊन विचारून गेले, सरांनी काही निर्णय घेतलाय का. बायको म्हणाली, हो, सायकलचा.

तीन आठवड्यांनी माझी तयारी झाली. क्रुसापासून निघायचं, मध्ये कुठंही थांबायचं नाही, आणि थेट आक्काच्या अंगणात उतरायचं. उतरायला तिथं तुळशीवृंदावनाचा चौथरा होता. उंची मी आधीच मोजून ठेवली होती. सतरा इंच, अंगणाच्या डाव्या हाताला.

निघालो तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. भाजीवालीनं रस्त्यातली गाय हाकलली. पुढचे तीन किलोमीटर मी थांबू न शकणारा माणूस होतो. ओळखीचे हात करत होते आणि मी "थांबता येत नाही!" असं ओरडत पुढे जात होतो. आगाशीच्या बाजारात एसटी आडवी लागली तेव्हा तिच्या मागे पायी चालणाऱ्यापेक्षाही कमी गतीनं डुलत राहिलो. मी उतरत का नाही म्हणून कंडक्टर मागच्या काचेतून माझ्याकडे बघत होता.

वाडीच्या वळणावर चेनकव्हर खडखडलं. ओट्यावरच्या खाटेवर आक्काची मान वर झालेली मला लांबून दिसली. मी घंटा वाजवत अंगणात शिरलो आणि तेव्हा लक्षात आलं की तुळस उजव्या हाताला आहे.

सहा वर्षं रोज येऊनही तुळस कुठल्या हाताला हे बघायची कधी गरज पडली नव्हती, आणि आता अंगण मी रिक्षात बसून, परत निघताना बघून ठेवलं होतं. जाताना डावीकडे असलेली वस्तू येताना उजवीकडे असते, हे मी सहावीच्या मुलांना शिकवायचो. आता तुळस डावीकडे आणायची तर तिच्याभोवती उलटं फिरणं भाग होतं. मी फिरू लागलो. एक फेरी झाली, पण चौथऱ्यापासून लांब पडलो. दुसरी झाली. सून बाहेर आली आणि किंचाळली, "मामा, उलटी प्रदक्षिणा! उलटी!"

"मला माहीत आहे!" मी ओरडलो. "सुलट फिरलो तर मला उतरता येणार नाही!"

तिसऱ्या फेरीला चौथऱ्याला पाय लागला. सायकल कलती केली, पाय बाहेर काढला आणि तुळशीला धरून उभा राहिलो. घाम नुसता टपकत होता. कोन बहुतेक शंभरच्या वर असावा.

आक्का खाटेवरून उठली होती. भिंत चाचपत ओट्याच्या कडेपर्यंत आली होती.

"काय रे गाढवा," ती म्हणाली, "इतके दिवस कुठं होतास?" आणि सुनेला, "चहा टाक. आला तो."

बिस्किट दिलं नाही. मी तिच्याशेजारी बसून पेपर वाचला, निधनवार्ता गाळल्या, शिव्या खाल्ल्या. मी जिवंत झालो होतो. मध्येच ती म्हणाली, "तू नव्हतास तेव्हा एक गृहस्थ यायचे रिक्षानं. काठीवाले. भले माणूस. जरा भ्रमिष्ट आहेत, स्वतःला तू समजतात. परत आले तर त्यांना काही बोलू नका."

समजावून उपयोग नव्हता, आणि मला तिच्या तोंडून पुन्हा "गृहस्थ" व्हायचं नव्हतं.

पण पावसाळा आला, रस्त्यावर शेवाळ धरलं आणि बायकोनं सायकलला कुलूप लावलं. नाइलाजानं रिक्षा केली. "या, या," आक्का म्हणाली, "बरेच दिवसांनी." बिस्किटांची बशी आली. मी बिस्किट उचललं. वाद घालत नाही असं पाहून तीच बोलू लागली, परक्या माणसाशी बोलावं तशी, मोकळेपणानं.

"माझ्या भावाला सायकल मीच शिकवली," ती म्हणाली. "वडिलांनी त्याच्यासाठी आणली होती. मला हात लावायची परवानगी नव्हती, फक्त मागून धरायची. एक दिवस उतारावर मी हात सोडला. मुद्दाम. हनुवटी फुटली त्याची, चार टाके पडले. तो अजून समजतो आपणच घसरलो." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "रोज येतो बिचारा पेपर वाचायला. रोज वाटतं आज सांगावं. त्याला तुम्ही बोलू नका हं."

माझा हात हनुवटीच्या खुणेवर गेला होता. पन्नास वर्षं मी दाढी करताना त्या खुणेला वळसा घालत आलो. आम्ही दोघं भेटलो की भांडायचो, एवढंच मला आमच्या नात्याबद्दल माहीत होतं.

त्यानंतर रस्ते कोरडे झाले, सायकल सुटली, तरी मधूनमधून मी रिक्षा करू लागलो. बायको विचारायची, पाय दुखतोय का? मी हो म्हणायचो. रिक्षातल्या गृहस्थांना आक्का जे सांगायची ते सायकलवाल्याला तिनं मरेपर्यंत सांगितलं नसतं.

एकदा मात्र मला राहवलं नाही. तिनं पुन्हा तो उतार काढला, पुन्हा तिचा आवाज बारीक झाला, आणि मी म्हणालो, "आक्का, त्याला तुम्ही हात सोडल्याचं माहीत असेल. आणि त्यानं ते मनात ठेवलं नसेल. मी खात्रीनं सांगतो."

आक्कानं मान वाकडी केली.

"तुम्ही कशाला खात्री देता?" ती म्हणाली. "तुम्ही आलात की तो येत नाही, तो आला की तुम्ही येत नाही. तुमची तर कधी भेटच नाही झालेली."