दाब, ग्लेन

आमच्या पोर्ट पिरी गावात मर्व्ह टिल्बरूकसारखा चक्रम मेकॅनिक दुसरा नाही. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात: एक आत बसून पेडल दाबतो, दुसरा चाकापाशी स्क्रू सैल करून हवा सोडतो. मर्व्ह मात्र एकटाच. चाकापाशी बसून तो रिकाम्या गाडीला सांगतो, "दाब, ग्लेन." ग्लेन त्याचा साडेसहा फुटी भाऊ, तीस वर्षांपूर्वी ब्रेक न लागल्यामुळे गेलेला. गावाला याची सवय झालीय. माझं मात्र डोकं फिरायचं.

मोठं इंजिन टाकलेल्या माझ्या जुन्या गाडीला मी स्वतःच चाक आवळून धरणारे, ब्रेकचे मोठे कॅलिपर बसवले, पण ब्रेकचं पेडल काही केल्या कडक होईना. शेवटी भर दुपारी नाक मुठीत धरून गाडी मर्व्हकडे ओढून नेली.

"दाब, ग्लेन," तो चाकापाशी बसून म्हणाला. काहीच झालं नाही.

"अरे म्हाताऱ्या, आत कुणी नाहीये!" मी ओरडलो.

"आहे. दाबत नाहीये." मर्व्हनं वाकून कॅलिपर पाहिला. "गाढवा, डावा उजवीकडे लावलास, उजवा डावीकडे. हवा सोडायचा स्क्रू खाली आलाय. हवा वरच अडकून राहणार. त्यानंही हेच केलं होतं."

आम्ही डाव्या-उजव्या कॅलिपरची अदलाबदल केली.

"दाब, ग्लेन."

स्क्रूच्या नळीतून भसाभस बुडबुडे निघाले. चारही चाकं झाली.

"बघ आता," मर्व्ह म्हणाला.

मी आत बसलो. पाय पेडलपर्यंत पोचेना. माझ्या मापाला लावलेली सीट पार मागे सरकली होती.